‘हॉबिट’ पुन्हा वाचताना: चित्रं हवीत की नकोत?

मांडवीकाठ

ॲलन ली यांच्या चित्रांची टॉल्किनच्या ‘हॉबिट’ची आवृत्ती घरी आलीय. भाचीसाठी मागवली असं घरात सांगितलंय. भाचीच्या हाती ती अजून लागलेली नाही.

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणून. तेव्हा लायब्ररी पाटोला गेली नव्हती, मेनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत होती. प्रत जुनी. बाइंडिंगवाल्याने मूळ मुखपृष्ठ काढून वर तपकिरी पुठ्ठा चढवलेला, पाठीवर हाताने घातलेला नंबर. आत चित्र म्हणून एकही नाही. नकाशे मात्र शाबूत होते. बिल्बो नावाचा छोटासा हॉबिट तेरा बुटक्यांबरोबर ड्रॅगनने बळकावलेलं सोनं परत आणायला निघतो, तो त्याचा रस्ता कुणीतरी पेन्सिलीने पार डोंगरापर्यंत गिरवून ठेवला होता.

त्यामुळे पात्रं उभी करायचं काम माझ्याच अंगावर पडलं आणि ते मी घरच्याच सामानावर भागवलं. गँडाल्फ हा जादूगार म्हणजे आमच्या आजोळचा देवचार. हातात दांडा, खांद्यावर कांबळं, रात्रीचा सीमेवरून फिरणारा, गावाचा राखणदार. देवचाराला वाहिलेल्या वहाणा झिजतात असं आजी सांगायची, म्हणून माझ्या गँडाल्फच्या पायात वहाणाच. टॉल्किनने पहिल्याच प्रकरणात त्याला भले मोठे काळे बूट घातलेत हे आता, या वाचनात दिसलं. तेव्हा ते वाक्य डोळ्यांखालून गेलं असणारच, पण देवचार काही हटला नाही. मिर्कवुड हे पुस्तकातलं अंधारं जंगल म्हणजे मोलेचं रान, पावसाळ्यातलं. बुटके पिंपांत बसून नदीतून निसटतात ती पिंपं फेणीची. तेरा बुटके एकामागून एक बिल्बोच्या दारात येऊन चहा-केकवर ताव मारतात ते प्रकरण तर मला परकं वाटलंच नव्हतं. चतुर्थीला आमच्याकडे साधारण हेच चालतं, फक्त पाहुण्यांना आपण न सांगता आलोय असं वाटत नाही.

चित्रांची आवृत्ती हातात घेताना म्हणूनच धाकधूक होती. ली यांचा गँडाल्फ माझ्या देवचाराला हुसकून लावणार का?

तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे समजायला मला पुस्तक दोनदा उलगडून बघावं लागलं. ली माणसांपेक्षा जागा जास्त रंगवतात. धुकं, ओले दगड, पिळवटलेली मुळं, लांबवर कुठेतरी एक वाट. हा माणूस इंग्लंडात डार्टमूरला राहतो, तिथले खडक आणि झाडं वर्षानुवर्षं काढत आलाय, ते सगळं यात उतरलंय. प्रकरणांच्या कडेला पेन्सिलीची लहान चित्रं आहेत, ती मला रंगीत पानांपेक्षाही आवडली. अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. चेहरा म्हणाल तर तो टोपीखाली, सावलीत, नाहीतर पाठमोरा. तेवढ्या फटीतून माझा देवचार आरामात आत शिरला.

मग टॉल्किनने स्वतः काढलेली चित्रं शोधली. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत त्याची काळी-पांढरी रेखाचित्रं होती, रंगीत पानं थोडी मागाहून आली. त्यांतही तीच गत. डोंगर, दऱ्या, वळणावळणाची नदी. बिल्बो शोधावा लागतो. स्मॉग ड्रॅगन सोन्याच्या राशीवर पसरलाय त्या चित्रात बिल्बो जरा मोठा दिसतो, तर टॉल्किनने एका पत्रात त्याबद्दलही कुरकुर केलीय: नको तिथे जाड झालाय आणि आकाराने फारच मोठा आलाय. स्वतःच्याच चित्राबद्दल!

आणि सगळ्यात मजेची गोष्ट. प्रकाशक स्टॅन्ली अन्विनने हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं होतं. अभिप्राय लिहायचा एक शिलिंग. १९३६ च्या त्या अभिप्रायात पोराने लिहिलंय की नकाशे असले तर या पुस्तकाला चित्रांची गरज नाही, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा, त्यामुळे आपण त्या गटात नाही हे स्पष्ट.

तर मंडळी, रेनरचं बरोबर होतं का? लहानपणचं लाडकं पुस्तक चित्रांसकट पुन्हा वाचल्यावर तुमचं काय झालं?

---

डिचोलीकर

रेनर शंभर टक्के बरोबर. मला चित्रं नकोत.

आमच्या डिचोली तालुक्यात हरवळेंची लेणी आहेत. शाळेची सहल तिथे जायची, मास्तर पांडवांची गोष्ट सांगायचे, आणि मी मागे राहून त्या काळोख्या खोल्यांत गोलम, बिल्बोला कोडी घालणारा तो गुहेतला प्राणी, कुठे बसला असेल ते बघायचो. जांभ्या दगडात कोरलेल्या खोल्या, भिंतीला ओल, बाहेर धबधब्याचा आवाज. अंधारातलं कोड्यांचं प्रकरण माझ्यासाठी कायमचं तिथे घडलंय. आता कुणी लंडनमध्ये बसून मला दुसरी गुहा दाखवू नये.

सिनेमाने आधीच वाट लावलीय. आता पुस्तकातही सिनेमाचीच चित्रं घुसवतायत. हे ली तेच ना, सिनेमावाले?

---

कुळागर

डिचोलीकरबाब, तेच. पण क्रम उलटा आहे. ली यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची चित्रं केली १९९१ मध्ये, टॉल्किनच्या जन्मशताब्दीच्या आवृत्तीसाठी. ‘हॉबिट’ची १९९७ मध्ये. पहिला सिनेमा आला २००१ ला. दिग्दर्शकाने ही चित्रं बघून ली आणि जॉन हाउ या दोघांना न्यूझीलंडला बोलावून घेतलं आणि तिसऱ्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाच्या ऑस्करमध्ये लींचा वाटा आहे. म्हणजे सिनेमा पुस्तकातल्या चित्रांत घुसला नाही, चित्रं सिनेमात गेली.

गोलमवरून आठवलं. १९६२ च्या स्वीडिश आवृत्तीची चित्रं तूव्हे यान्सनने काढली होती, मुलांच्या मूमिन पुस्तकांवाली. तिने गोलम केवढा काढला? बिल्बोच्या कितीतरी पट उंच, डोक्यावर पानावेलींचा मुकुट घातलेला अजस्र प्राणी. लोकांनी नाकं मुरडली. पण तिची काय चूक? तोवर पुस्तकात गोलमच्या आकाराबद्दल एक अवाक्षर नव्हतं. काळोखासारखा काळा, फिकट मोठे डोळे, बस. टॉल्किनने १९६६ च्या आवृत्तीत ‘लहानसा’ हे विशेषण घालून टाकलं. एका चित्रकर्तीने लेखकाच्या मजकुरातलं रिकामं भोक दाखवून दिलं, ते त्याला बुजवावं लागलं. चित्र म्हणजे नुसती सजावट म्हणणाऱ्यांसाठी हे.

---

खाजें

कुळागर, हे माहीत नव्हतं! आत्ता डोळ्यांसमोर हरवळेंच्या गुहेत तो राक्षसी गोलम मावत नाहीये. 😄

मी चित्रांच्या बाजूची. आमच्या पिढीने ‘चांदोबा’ काय मजकुरासाठी वाचला? विक्रम राजा स्मशानातून निघालाय, खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार, मागे झाडाच्या फांद्या. शंकर यांचं ते चित्र दर महिन्याला तेच असायचं आणि दर महिन्याला आधी तेच पान उघडलं जायचं. त्या चित्राने माझ्या कल्पनाशक्तीचं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही. उलट वेताळ बोलायला लागला की पुढचं सगळं मी त्या एका चित्रातून वाढवत न्यायचे.

डिचोलीकर, तुम्हाला गुहा आयती मिळाली. मी वास्कोत सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. समोर रेल्वेचे रूळ आणि खनिजाच्या वाघिणी. मला मिर्कवुड कुणीतरी दाखवायलाच हवं होतं.

---

उंडो

वाचतोय. जागा राखून ठेवतो.

---

डिचोलीकर

@कुळागर, माहितीबद्दल धन्यवाद. मत तेच आहे.

@खाजें, वाघिणी होत्या म्हणता! लाल धुळीने माखलेल्या, डोंगर पोखरून आणलेला माल भरलेल्या, रांगेत उभ्या वाघिणी. बुटक्यांचं राज्य तुमच्या खिडकीसमोरून जात होतं की. आमच्याकडे तर डोंगरच्या डोंगर आतून गेले. बुटक्यांचा म्होरक्या थोरिन, त्याला डोंगरातलं सोनं दिसलं की त्याची बुद्धी फिरते, शेजारी दारात मदत मागायला उभे असतात तरी तो दार चिणून घेतो, हे मला डिचोलीत कुणी समजावून सांगायला लागलं नाही. लहानपणी मी ड्रॅगन मेला तिथे पुस्तक संपलं असंच धरायचो. आता कळतं, खरी गोष्ट ड्रॅगन मेल्यावर सुरू होते. माल कुणाचा, वाटा किती, कागद कुणाकडे. आणि ती भांडणं कुठल्याही चित्रकाराने काढलेली मी बघितली नाहीत. सगळ्यांना ड्रॅगनच काढायचा असतो.

---

मांडवीकाठ

डिचोलीकर, शेवटच्या दोन वाक्यांसाठी तुम्हाला माझ्याकडून उकड्या तांदळाची पेज आणि सुके बांगडे.

हे खरंच आहे. मोठेपणी वाचताना माझाही सगळा वेळ शेवटच्या भागात गेला. बिल्बो थोरिनचा जीव की प्राण असलेलं आर्केनस्टोन हे रत्न खिशात लपवतो आणि रात्री जाऊन शत्रूच्या हवाली करतो, युद्ध टळावं म्हणून. लहानपणी मला हा सरळसरळ विश्वासघात वाटला होता, राग आला होता. आता तेच पान वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून बाहेर गॅलरीत जाऊन बसले. आणि तो काम करून परत कुणाकडे येतो? थोरिनकडेच. पळून जायची सोय असताना. याचं चित्र कसं काढणार? एक लहान माणूस रात्री भिंतीवरून दोर टाकून परत वर चढतोय, एवढंच.

---

पावसाळी_बेडूक

मेनेझिस ब्रागांझाचा विषय निघाला म्हणून. मांडवीकाठ, तुम्ही चित्रं नसलेलं पुस्तक ज्या इमारतीतून आणत होतात तिच्या दाराशीच एक सचित्र आवृत्ती भिंतीवर चिकटवलेली आहे! निळ्या-पांढऱ्या अझुलेजू फरशा, जॉर्ज कोलासोने १९३५ मध्ये केलेल्या, पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग. जहाजं, खलाशी, राजे, समुद्र. वास्को द गामाची सफर, पण त्यात ग्रीक-रोमन देवदेवता आणि समुद्रातून उठणारा ॲडमास्टर नावाचा राक्षसही आहे, म्हणजे १५७२ ची अद्भुतकथाच म्हणा ना.

आता खरं सांगा, त्या महाकाव्याची एक ओळ तरी इथल्या कुणी वाचलीय? मी नाही. फरशा मात्र पाठ आहेत, मोडलेला कोपरासुद्धा. चित्रं इतकी चांगली झाली की पुस्तकाकडे जायची गरजच उरली नाही. डिचोलीकरांच्या बाजूने हा एक पुरावा जमा करून घ्या.

---

खाजें

तो पुरावा चित्रांविरुद्ध नाही हो, पोर्तुगीज न येण्याविरुद्ध आहे.

---

पावसाळी_बेडूक

हाहा, मान्य.

---

उंडो

राखलेली जागा वापरतो. माझा प्रश्न जरा वेगळा, पण गोव्यात राहून चित्रांची पुस्तकं घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

एका जाड सचित्र पुस्तकावर मी बरेच पैसे घातले. गुळगुळीत कागद, रंग सुंदर. कपाट भिंतीला लागून, भिंत पश्चिमेची. जुलैत पुस्तक काढलं तर मधली सहा-सात पानं एकमेकांना चिकटलेली. ओढलं तर चित्राचा पापुद्रा समोरच्या पानावर गेला. विक्रेत्याकडे तक्रार केली, तो म्हणे हवामानाची हमी आम्ही देत नाही. (नाव सांगत नाही, त्याचंही चुकलं नाही म्हणा.) साध्या कागदावरची माझी बिनचित्रांची पुस्तकं त्याच फळीवर ठणठणीत आहेत, जरा पिवळी पडलीत एवढंच. म्हणजे गोव्यात रेनरचं मत हवामानखात्यालाही मंजूर दिसतंय.

---

कुळागर

उंडो, आर्ट पेपरवर चिनी मातीसारख्या बारीक मातीचा लेप असतो, त्यानेच तो गुळगुळीत होतो. दमट हवेत तो लेप ओल धरतो, मऊ होतो आणि वरून पानांचा दाब असला की शेजारच्या लेपाला चिकटून सुकतो. एकदा सुकला की संपलं, ओढू नये. आमच्या बागेतल्या घरात पावसाळ्यात चपलांवरही बुरशी येते, तिथे मी अशी पुस्तकं सांभाळलीत ती अशी: पश्चिमेच्या आणि बाहेरच्या भिंतीला कपाट लावायचं नाही, भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं. पुस्तकं उभी आणि सैल ठेवायची, ठासून नाही, एकावर एक आडवी तर नाहीच. जूनच्या आधी रंगीत पानांमध्ये बटर पेपर घालायचा. कपाटात सिलिका जेल, आणि ते अधूनमधून गरम करून सुकवायचं, नाहीतर ते नुसतं शोभेला. आठवड्यातून एकदा पुस्तक काढून पानं फडफडवायची. ऊन दाखवू नका, रंग उडतात.

कसरीसाठी कडुनिंबाची सुकी पानं घालतात बरेच जण. कसर कमी होते की नाही देव जाणे, पानांचा चुरा मात्र पुस्तकात नक्की होतो.

---

मांडवीकाठ

आठवड्यातून एकदा काढून पानं फडफडवायची. घरच्यांना सांगायला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

---

अर्धा_पाव

मी मडगावची, सात वर्षांच्या मुलीला रात्री वाचून दाखवते. इंग्रजी समोर धरून मराठीत सांगत जाते, मध्येच कोकणी. तिच्यासमोर ली यांची आवृत्ती धरली होती. तिचा निकाल: ‘सगळं ओलं आहे.’ म्हणजे जलरंगातलं धुकं वगैरे. तिला बिल्बोचा चेहरा हवा, त्याने काय खाल्लं ते ताटात दिसायला हवं, बुटक्यांच्या टोप्यांचे रंग वेगवेगळे हवेत, कारण मजकुरात ते वेगवेगळे दिलेत आणि तिने ते मोजून लक्षात ठेवलेत. मांडवीकाठ म्हणतात ती फट मोठ्यांसाठी आहे. आपल्याकडे आत शिरायला जुना देवचार आहे. तिच्याकडे अजून कुणी नाही, तिला आधी कुणीतरी द्यायला लागेल.

मग जेमिमा कॅटलिनची २०१३ ची आवृत्ती आणली. गोल गोल, रंगीत, हसरी चित्रं, जवळजवळ प्रत्येक पानाआड एक. मला स्वतःला ती जरा जास्तच गोड वाटली, पण पोरगी खूश.

फक्त कोड्यांचं प्रकरण आलं तेव्हा तिने दिवा बंद करायला लावला. पुस्तक दिसेना, त्यामुळे मला आठवतील तेवढी कोडी मी तोंडी घातली. मासा, अंडं, वारा ही तिने ओळखली. काळाचं कोडं बिल्बोलाही येत नाही, तो घाबरून ‘वेळ’ मागतो आणि तेच उत्तर निघतं. तिथे ती अशी हसली की शेजारच्या खोलीतून आजी उठून आल्या आणि त्यांनी आपली ठेवणीतली हुमाणी, म्हणजे कोडी, घालायला सुरुवात केली. त्या रात्री पुस्तक पुढे गेलंच नाही.

---

डिचोलीकर

अर्धा_पाव ताई, दिवा बंद करायला लावला! माझा मुद्दा सात वर्षांच्या मुलीने सिद्ध केला.

---

अर्धा_पाव

डिचोलीकरबाब, सकाळी उठून तिने पहिलं काम काय केलं माहितीये? वही घेऊन गोलम काढला. 🙂 हिरवा. दात सहा, कारण गोलमला दात सहा आहेत हे कोड्यात येतं.

---

कुळागर

मूळ मजकूर बघितला, सहाच आहेत. यान्सनने मोजले होते का बघायला हवं.

कोड्यांच्या प्रकरणावरून अजून एक. १९३७ च्या आवृत्तीत हे प्रकरण निराळं होतं. तिथे गोलम हरला तर बिल्बोला भेट द्यायचं कबूल करतो, ती भेट म्हणजे घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठी. ती सापडत नाही म्हणून बिचारा माफी मागतो आणि बिल्बोला वाट दाखवून निरोप घेतो! पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना अंगठी भयंकर ठरली, मग असा सहज देऊन टाकणारा गोलम चालेना. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत प्रकरण बदललं. आपण सगळ्यांनी वाचलाय तो हा सुधारलेला गोलम. ‘लहानपणी वाचलं तेच’ पुस्तक आपण परत वाचतो असं म्हणतो खरं, पण लेखकाने स्वतःच ते हलवून ठेवलंय.

---

खाजें

अवांतर: मारिओ मिरांडाने ‘हॉबिट’ची चित्रं काढली असती तर? पहिल्या प्रकरणातली चहापानाची गर्दी! तेरा बुटके, प्रत्येकाचं नाक निराळं, एक खुर्चीखाली, एक कपाटात केक शोधतोय, कोपऱ्यात कुत्रा, खिडकीतून बघणारी शेजारीण. फट वगैरे काही नाही, सगळं खच्चून भरलेलं. आणि तरी कुणी बघून थकलं नसतं. मांडवीकाठ, तुमचा सिद्धांत तिथे लंगडा पडतो.

---

मांडवीकाठ

खाजें, पडतो. मारिओच्या चित्रात मी शिरते ती गर्दीत धक्के खात, बाकीच्यांबरोबर; तिथे मला रिकामी जागा लागतच नाही. पण तो देवचार नाही काढू शकला असता असं आपलं मला वाटतं. काढला असता तर विनोदी झाला असता, आणि विनोदी गँडाल्फाचा टॉल्किनला भयंकर राग. एका जर्मन चित्रकाराचा गँडाल्फ बघून त्याने १९४६ मध्ये लिहिलं होतं की हा हास्यास्पद झालाय, माझ्या मनातला तर ओडिन या जुन्या नॉर्स देवासारखा भटका आहे. देवचाराच्या किती जवळ!

टॉल्किनच्या चित्रांची आवृत्ती आता सगळी एकत्र मिळते, २०२३ मध्ये आलीय. तीही मागवलीय. त्यातला थ्रोरचा, म्हणजे थोरिनच्या आजोबांचा, नकाशा मला बघायचाय. चंद्राच्या उजेडातच दिसणारी अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला छापावीत, म्हणजे पान उजेडासमोर धरलं की ती उमटतील, अशी टॉल्किनची फार इच्छा होती. १९३७ मध्ये प्रकाशकाने खर्चापायी ते केलं नाही.

---

उंडो

ती पण आर्ट पेपरवर आहे का?

---

मांडवीकाठ

आली की पान चोळून सांगते. पुढच्या रविवारी मडगावला कट्टा आहेच, दोन्ही आवृत्त्या घेऊन येते. अर्धा_पाव, तुम्ही कॅटलिनची आणा, आणि पोरीची वही. डिचोलीकर, तुम्ही तुमचं बिनचित्रांचं. हात पुसल्याशिवाय, आणि भज्यांची बशी त्याच टेबलावर असताना, कुणीही पानं उलटायची नाहीत.

---

डिचोलीकर

माझ्यावर भजी ठेवली तरी चालतील.